दालनसंगीत, जॅझ आणि आपले गायनवृंद

पावसाळा ओसरू लागला की दक्षिण मुंबईतील सभागृहांत पाश्चात्त्य संगीताचा मोसम सुरू होतो आणि हिवाळ्याच्या अखेरीस त्याला दुसरा बहर येतो. नरिमन पॉइंट येथील ‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स’मध्ये ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’चे जलसे, त्यांच्या आगेमागे चौघा-पाच जणांच्या लहान वाद्यवृंदांच्या मैफली, नोव्हेंबरच्या सुमारास जॅझचा महोत्सव, असा हा क्रम साधारणपणे असतो. इंग्रजी वर्तमानपत्रांत त्यांच्या जाहिराती येतात आणि आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे ते पान उलटून पुढे जातात. ‘हे आपले नव्हे’ असा एक निवाडा त्या पान उलटण्यात असतो. तो निवाडा तपासून पाहावा, हा या लेखाचा हेतू आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या दोन्ही संगीतप्रकारांशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे आणि दुसऱ्याचे ऐकत ऐकत आपले वाजवणे हे त्यांच्या गाभ्याशी असलेले तत्त्व आज आपल्या गायनवृंदांना अत्यंत गरजेचे आहे.

प्रथम अंतराची सबब दूर करू. जासईहून नरिमन पॉइंटला जायचे म्हणजे एके काळी उरणला मोऱ्याची लाँच गाठून भाऊच्या धक्क्यावर उतरावे लागे, नाहीतर वाशीमार्गे खाडीला वळसा घालावा लागे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते चिर्ले हा अटल सेतू खुला झाला. सुमारे २२ किलोमीटरच्या या पुलाचे आपल्याकडचे टोक जासईच्या शेजारीच आहे. मोटारसायकलीला त्यावर मज्जाव असला तरी दहा-बारा जणांनी मिळून एक गाडी ठरवली तर संध्याकाळचा कार्यक्रम ऐकून रात्री घरी परतता येते. रस्त्याचा अडसर गेला. मनाचा राहिला आहे.

‘चेंबर म्युझिक’ या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. चेंबर म्हणजे खोली, दालन. मोठ्या सभागृहासाठी किंवा मिरवणुकीसाठी नव्हे, तर घरातील दालनात बसून थोड्या जणांनी थोड्यांसाठी वाजवायचे ते दालनसंगीत. आपल्या हिंदुस्थानी संगीतातील बैठक त्याच जातीची. त्याहूनही जवळचे उदाहरण हवे असेल तर उरण-पनवेल भागातील आगरी घरांतील लग्न आठवावे. तेथे धवलारीण ओटीवर बसून लग्नविधीची गाणी म्हणते, सोबतच्या बायका तिची ओळ उचलतात, आणि कोणत्याही यंत्राच्या मदतीवाचून घर सुरांनी भरून जाते. आज हळदीच्या रात्री डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि शेजारच्या रस्त्याने बंदराकडे कंटेनरांची रांग कर्णे वाजवत जात असते. अशा परिसरात राहणाऱ्या आपल्या कानांना लहान आवाजाची किंमत नव्याने शिकावी लागणार आहे.

दालनसंगीताचा सर्वांत परिपूर्ण प्रकार म्हणजे तंतुवाद्यांची चौकडी: दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. आवाजाच्या पट्ट्यांच्या हिशेबाने पाहिले तर ही गायनवृंदातील सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास यांचीच रचना आहे. येथे संचालक नसतो. सुरुवात कशी करायची, कोठे थांबायचे, कोणाचा सूर पुढे येऊ द्यायचा, हे चौघे परस्परांकडे पाहून आणि ऐकून ठरवतात. साठ-सत्तर वादकांच्या वाद्यवृंदात एखाद्याचा सूर ढळला तर तो झाकला जातो. चौघांत तसे होत नाही. या प्रकाराचा जनक म्हणून ज्याला मान दिला जातो तो योसेफ हायडन बालपणी व्हिएन्नाच्या संत स्टीफन महामंदिरातील गायनवृंदात गात होता. त्याने अडुसष्ट चौकड्या रचल्या. आपल्या हस्तलिखितांच्या आरंभी तो प्रभूचे नाव लिही आणि शेवटी देवाची स्तुती असो अशा अर्थाचे लॅटिन शब्द लिही.

हायडनची एक रचना तर आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटावी. १७८० च्या दशकात स्पेनमधील कादिझ शहरातून त्याच्याकडे मागणी आली: शुभ शुक्रवारी क्रुसावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात, त्यांच्या मधल्या विरामांसाठी संगीत हवे. मंदिराच्या भिंतींवर काळी वस्त्रे, मध्यभागी एकच दिवा. धर्मगुरू एक उद्गार उच्चारतो, त्यावर चिंतन सांगतो, व्यासपीठावरून उतरून वेदीसमोर गुडघे टेकतो, आणि त्या शांततेत संगीत सुरू होते. एकामागोमाग सात संथ खंड रचायचे आणि श्रोत्याला कंटाळा येऊ द्यायचा नाही, हे काम सोपे नसल्याची कबुली स्वतः हायडननेच दिली होती. मूळ रचना मोठ्या वाद्यवृंदासाठी होती. १७८७ मध्ये त्यानेच ती चार तंतुवाद्यांसाठी बेतली, आणि आज ती बहुधा याच रूपात ऐकायला मिळते. यात शब्द गायले जात नाहीत. तथापि प्रत्येक खंडाच्या आरंभी पहिल्या व्हायोलिनची ओळ त्या लॅटिन उद्गाराच्या अक्षरांवर बेतलेली आहे. तहानेच्या उद्गाराचा खंड ऐकावा. बाकीची वाद्ये गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात, कोरड्या जमिनीवर तुरळक थेंब पडावेत तसे ते स्वर येतात, आणि त्यांवर व्हायोलिन दोनच उतरते स्वर धरते. सात उद्गारांवर प्रवचन करणाऱ्या माझ्यासारख्या धर्मगुरूला येथे नम्र व्हावे लागते. पाऊण तास बोलून जे साधत नाही ते दोन स्वरांत साधलेले दिसते. शेवटी भूकंपाचा खंड येतो आणि तोवर राखलेला सारा संयम एकाएकी सुटतो. तो धक्का आधीच्या सात संथ खंडांमुळेच बसतो. प्रमाण राखणे म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठ आहे.

दालनसंगीत म्हणजे सुखवस्तू लोकांचा फावल्या वेळचा विरंगुळा, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला विसाव्या शतकातील एका कॅथलिक संगीतकाराने आपल्या कृतीने उत्तर दिले आहे. ओलिव्हिए मेसियाँ हा पॅरिसच्या त्रिनिते चर्चचा ऑर्गनवादक. १९४० मध्ये तो जर्मनांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला. गोर्लिट्झच्या छावणीत त्याला तीन वादक भेटले: एक व्हायोलिनवादक, एक चेलोवादक आणि आंरी आकोका नावाचा ज्यू क्लॅरिनेटवादक. पियानो स्वतः मेसियाँ वाजवणार होता. हाती असलेल्या या चार वाद्यांसाठी त्याने ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ रचली. प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायातील, आता काळ उरणार नाही असे घोषित करणारा देवदूत हे तिचे प्रेरणास्थान. १५ जानेवारी १९४१ रोजी कडाक्याच्या थंडीत ती प्रथम सादर झाली, तेव्हा कैदी आणि पहारेकरी एकत्र बसून ऐकत होते. आठ खंडांपैकी एक खंड एकट्या क्लॅरिनेटचा आहे. पाचव्या खंडात चेलो आणि आठव्यात व्हायोलिन पियानोच्या संथ ठोक्यांवर ख्रिस्ताची स्तुती गातात. या संगीताला लय असूनही ठेका सापडत नाही, म्हणून प्रथम श्रवणी ते अवघड वाटते. अवघडपणा लपवावा असे मला वाटत नाही. परंतु जेथे माणसाला क्रमांकाने ओळखले जात होते तेथे चौघांनी एकमेकांचे इतके लक्षपूर्वक ऐकले, ही गोष्ट ध्यानात ठेवून ऐकले तर अवघडपणाचे अर्धे ओझे उतरते.

आता जॅझकडे वळू. हॉटेलांतील नाच, मद्य आणि उशिराची रात्र यांच्याशी जॅझची सांगड आपल्या मनात घट्ट बसली आहे, म्हणून धर्मगुरूने त्याची शिफारस करावी याचे काहींना आश्चर्य वाटेल. पण अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ज्या दुःखातून आणि प्रार्थनागीतांतून या संगीताने रस घेतला, त्यांचा त्याला कधीच पुरता विसर पडला नाही. ड्यूक एलिंग्टन याने १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस महामंदिरात आपला पहिला धार्मिक जलसा केला. जॉन कोल्ट्रेन याने डिसेंबर १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली ‘अ लव्ह सुप्रीम’ ही रचना म्हणजे सॅक्सोफोनवर केलेली कृतज्ञतेची प्रार्थना आहे. मेरी लू विल्यम्स ही थोर पियानोवादक १९५७ मध्ये कॅथलिक झाली आणि तिने जॅझमध्ये रचलेली मिस्सा १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या संत पॅट्रिक महामंदिरात सादर झाली.

जॅझ ऐकावे कसे? आपल्याकडच्या श्रोत्याला ते समजणे खरे तर सोपे जावे. आरंभी सर्वजण मिळून एक धून वाजवतात. तिला बंदिश समजावे. मग त्या धुनीखालची स्वरसंघांची साखळी आवर्तनासारखी फिरत राहते, बहुधा बारा किंवा बत्तीस मात्राखंडांची. तिच्यावर एकेक वादक आपली उपज मांडतो. कधी ड्रमवादक आणि सॅक्सोफोनवादक चार-चार खंड वाटून घेतात, तो आपला सवाल-जवाब. शेवटी सर्वजण पुन्हा मूळ धुनीवर येतात. फरक असा की ख्यालगायनात गायक मुख्य आणि बाकीचे साथीदार. जॅझमध्ये मुख्यपणा फिरत राहतो. ज्याने आताच सर्वांचे लक्ष वेधून घेतले तो पुढच्या क्षणी मागे सरतो आणि दुसऱ्याला आधार देतो. चौकडीत सर्व काही लिहिलेले असते, जॅझमध्ये बहुतेक सर्व अलिखित असते. परंतु कान बंद ठेवून दोन्हींपैकी एकही वाजवता येत नाही.

हे संगीत मुंबईत रुजवले कोणी? १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा अमेरिकन कृष्णवर्णीय वाद्यमेळ ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, आणि त्याच वर्षी मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. पुढे जगप्रसिद्ध झालेले झुबिन मेहता हे त्यांचेच चिरंजीव. पाहुणे वादक परत जातात. शहराचे संगीत मात्र शहरातील माणसांवर चालते. ती माणसे फार मोठ्या संख्येने गोव्याची होती. गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांत मेस्त्री मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवी, ते उपासनेत वाजवण्यासाठी. त्या विद्येच्या बळावर ही मुले धोबीतलावच्या कुडांत येऊन उतरली आणि रात्री हॉटेलात, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत, सवड मिळेल तेव्हा सिम्फनीत वाजवू लागली. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेटवादक म्हणून गाजले. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील जॅझच्या रंगामागे त्यांचा हात आहे. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या चालींना वाद्यवृंदाचे रूप दिले. पडद्यावर मात्र या वादकांची नावे क्वचितच झळकली.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे चरित्र तर प्रत्येक धर्मग्रामात सांगितले जावे असे आहे. चर्चच्या गायनवृंदप्रमुखाचा हा मुलगा १९४३ मध्ये मुंबईत आला. प्यारेलाल त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. रागसंगीत आणि सिम्फनी यांचा मेळ घालण्याच्या ध्यासाने त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभारला आणि १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात त्याचा जलसा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. तो प्रयोग दीर्घकाळ टिकला नाही. १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि परतल्यावर आपल्या गावी शांतपणे राहिले. शिष्याने १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील एका गाण्यात गुरूचे नाव गुंफले. देशाने ते नाव विनोदी गाणे म्हणून ऐकले. त्यामागचा माणूस आणि त्याला घडवणारी चर्चची शाळा फारशी कोणी पाहिली नाही.

हा वारसा सांगितला म्हणून आजच्या मैफलींची निव्वळ भलामण करावी असे नाही. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने धोबीतलावच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ भरली, सॉनी रोलिन्ससारखा वादक तेथे उघड्या आकाशाखाली वाजवून गेला. पुढे शांतताक्षेत्राच्या नियमांमुळे ते आवार संगीताला पारखे झाले आणि जॅझ पुष्कळसे उपाहारगृहांत आणि निमंत्रितांच्या वर्तुळात गेले. ताटवाट्यांच्या आवाजात वाजवले जाणारे जॅझ हे जॅझचे नुकसान आहे, कारण ऐकणारा नसेल तर उपज कोणासाठी? सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये खुशरू सुंतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव यांनी उभारला, हे मोठे कार्य आहे. परंतु त्याच्या व्यासपीठावर पाहुणे परदेशी वादक अधिक आणि आपल्याकडचे कमी, ही खंत वाटल्यावाचून राहत नाही. मुलांना शिकवण्याचे काम त्या संस्थेने हाती घेतले आहे, आणि तिचे मोल अखेरीस त्या मुलांवरून ठरेल. माहितीपत्रके इंग्रजीतच असतात आणि मराठीतून या मैफलींची समीक्षा अभावानेच वाचायला मिळते. ज्या शहरात हे संगीत वाजते त्या शहराच्या भाषेला दाराबाहेर ठेवणे योग्य नव्हे.

एका गोष्टीसाठी मात्र त्या वास्तूंना दाद दिलीच पाहिजे. फिलिप जॉन्सन यांनी आराखडा केलेले आणि १९८० मध्ये उघडलेले टाटा थिएटर ध्वनिवर्धकावाचून ऐकू यावे अशाच हेतूने बांधलेले आहे. एक हजारावर श्रोत्यांच्या त्या सभागृहात शेवटच्या रांगेत व्हायोलिनच्या तारेची छेड पोहोचते. तेथून परतून आपल्या मंदिरांत यावे. आपल्या पूर्वजांनी बांधलेल्या उंच छताच्या, जाड भिंतींच्या मंदिरांना आवाज जपण्याचा गुण जात्याच आहे. त्यांत आपण चारी कोपऱ्यांना ध्वनिक्षेपक टांगले. दोन-तीन पिढ्यांमागे व्हायोलिन असलेल्या जागी कीबोर्ड आला आणि कीबोर्डात भरून ठेवलेला ठेका आला. बटण दाबले की ठेका सुरू होतो आणि गाणारे त्याच्या मागे धावतात. तो ठेका कोणाचेही ऐकत नाही. म्हातारीचा श्वास कोठे तुटला, मूल कोठे अडखळले, समुदाय कोठे भावनेने संथ झाला, हे त्याला कळत नाही. सेमिनरीत ग्रेगोरियन गायन शिकताना आम्हाला पहिला नियम सांगितला होता की, शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नसेल तर आपला आवाज मोठा आहे असे समजावे. रविवारच्या मिस्सात हा नियम लावून पाहिला तर आपले किती गायनवृंद उत्तीर्ण होतील?

यावर कोणी म्हणेल, व्हायोलिन परके, कीबोर्डही परके; आपण हार्मोनियम, तबला आणि झांजांवर मराठी भक्तिगीते गावीत. अवश्य गावीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात ऑर्गनचा मान राखला, तसाच त्या त्या लोकांच्या परंपरागत संगीतालाही योग्य तो मान द्यावयास सांगितले, आणि गायनवृंदांची जोपासना करावी व संगीताचे शिक्षण द्यावे असेही बजावले. मुद्दा वाद्याच्या जन्मगावाचा नाही. तबलजी गायकाचे ऐकतो, म्हणून तबला या कसोटीला उतरतो. भरून ठेवलेला ठेका उतरत नाही. चौकडी आणि जॅझ ऐकायला जावे ते ही कसोटी कानांत मुरावी म्हणून.

म्हणून तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक गायनवृंदाने वर्षातून एकदा तरी दालनसंगीताची आणि एकदा जॅझची मैफल एकत्र जाऊन ऐकावी. महागड्या जागा नकोत, मागच्या रांगा पुरतात. रचनेच्या खंडांमध्ये टाळ्या न वाजवता शेवटी वाजवाव्यात. जॅझमध्ये मात्र एकल वादन संपताच दाद देण्याची रीत आहे. दुसरी सूचना, चार वादकांना आपल्या मंदिरात बोलावून उपवासकाळात हायडनचे सात उद्गार ऐकावेत. या काळातील मिस्सात वाद्ये गायनाच्या आधारापुरतीच वाजवायची असतात, म्हणून हा कार्यक्रम उपासनेबाहेर, चिंतनाच्या संध्याकाळी असावा. उपासना मंडळाने ५ नोव्हेंबर १९८७ रोजी मंदिरांतील जलशांविषयी जे पत्र काढले त्यानुसार त्याला प्रवेशमूल्य असू नये, द्वार सर्वांना खुले असावे. बिशपस्वामींची परवानगी अर्थातच आधी घ्यावी. तिसरी सूचना सर्वांत कष्टाची: धर्मग्रामात चार मुले निवडावीत आणि त्यांना व्हायोलिन शिकवावे. व्हायोलिनवर सूर नीट लागायलाच दोन-तीन वर्षे जातात. तोवर घरच्यांनी कर्कश आवाज सोसावा लागतो आणि धर्मगुरूने पालकांची समजूत काढावी लागते. गोव्यात २००९ मध्ये स्थापन झालेल्या ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ने वंचित घरांतील मुलांना व्हायोलिन आणि चेलो शिकवून हे होऊ शकते असे दाखवले आहे. गोव्याच्या मेस्त्र्यांनी शेकडो वर्षे हेच केले, आणि त्यांच्याकडेही पैसा नव्हता.

उत्तम संगीत कानांवर पडल्याने माणूस आपोआप सज्जन होतो असा माझा दावा नाही. छावणीतील पहारेकऱ्यांनीही मेसियाँची चौकडी ऐकली होती. पण ज्या समुदायात एकजण गाताना दुसरा ऐकतो आणि आपली पाळी संपताच मागे सरतो, त्या समुदायाला ख्रिस्तमंडळ म्हणजे एकाच शरीराचे अनेक अवयव हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. पुढच्या मोसमाची जाहिरात दिसेल तेव्हा पान उलटण्यापूर्वी थोडे थांबावे, गायनवृंदातील चार जणांना विचारावे आणि तिकिटे काढावीत.